टायरचं विरजण

"तेवढं टायरचं सोडा की, वहिनी."

आमच्या विट्याच्या शोरूममध्ये हे वाक्य दिवसातून चारदा तरी ऐकू यायचं. गिऱ्हाईक गाडीच्या किमतीला मान डोलवायचं, विम्याला डोलवायचं, आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवून अडून बसायचं. ती ओळ टायर विल्हेवाट शुल्काची. दोन हजार चौतीस साली कायदा आला. तेव्हापासून कुणी नवी गाडी घेवो की नुसते टायर बदलो, विक्रेत्यानं हे शुल्क घ्यायचं आणि त्यातून जुन्या टायरांची सोय लावायची, असा नियम झाला. वीस लाखांची गाडी घ्यायला आलेला माणूस चार टायरांच्या शुल्कावरून घरी परत जाईल, अशी भीती आम्हाला का वाटायची कोण जाणे. पण वाटायची, आणि मी शुल्क सोडायचे. पावतीवर ते घेतल्याचं दाखवायचं आणि तेवढीच सूट दुसऱ्या नावानं द्यायची, हे गावातल्या सगळ्याच विक्रेत्यांचं ठरून गेलं होतं.

मी वृषाली निकम. शोरूम नवऱ्याचं, संग्रामचं. पण काउंटर माझा आणि मागची टायरची शेडही माझीच. जे घडलं ते त्या शेडमध्ये घडलं, म्हणून आधी तिथं काय चालायचं ते सांगते.

रबर म्हणजे मुळात लांबच लांब धागे. ते सुटे राहिले तर उन्हात पाघळतात, म्हणून कारखान्यात गंधक घालून रबर भाजतात. गंधक धाग्याधाग्यांमध्ये गाठी मारतं. त्या गाठींमुळे टायर हजारो किलोमीटर टिकतो, आणि त्या गाठींमुळेच तो निकामी झाल्यावर कुजत नाही, विरघळत नाही. जाळला तर गावभर काळा धूर होतो. शास्त्रज्ञांनी एक जिवाणू तयार केला, जो नेमक्या या गंधकाच्या गाठी सोडवतो. जुन्या टायरला कुपीतलं औषध टोचायचं, टायर काळ्या पिशवीत बंद करून सावलीत ठेवायचा आणि चाळीस दिवस थांबायचं. मग पिशवी उघडली की आत तारा वेगळ्या आणि रबर कणकेसारखं मऊ. ती कणीक कारखान्यात गेली की पुन्हा नवा टायर. गिऱ्हाइकाकडून घ्यायचं शुल्क होतं ते या कुपीसाठी.

आम्हाला शिकवायला पुण्याहून डॉ. निरगुडे आले होते. सडपातळ, हळू बोलणारे. समोर चाळीस विक्रेते मोबाइल चाळत बसलेले. त्यांना कळेल असं सांगावं म्हणून ते म्हणाले, "हे दह्यासारखंच समजा. फरक एकच. दह्याचं विरजण उद्यासाठी राखता येतं, हे राखायचं नाही." या जिवाणूला जगायला एक खास खुराक लागतो, तो निसर्गात कुठंही मिळत नाही, फक्त कुपीत घातलेला असतो, असं त्यांनी सांगितलं. खुराक संपला की जिवाणू उपाशी मरतो, म्हणून तो शेडच्या बाहेर पडला तरी काही बिघडवू शकत नाही. ही त्याच्या गळ्यातली दोरी आहे, असं ते दोनदा म्हणाले.

मी "दह्यासारखं" हा शब्द ऐकला आणि पुढचं ऐकायचं सोडून दिलं. दह्यातलं मला कुणी शिकवायची गरज नाही असं मला वाटत होतं. सुरीनं कापावं असं दही लावते मी. पावसाळ्यात शेजारपाजारच्या बायका माझ्याकडे वाटी घेऊन विरजण मागायला येतात. आता विचार केला तर हसू येतं, की एवढ्याशा बढाईवर मी एवढं मोठं होऊन बसले होते.

शुल्क सोडल्यावर कुप्यांना पैसे कुठून येणार? एका कुपीत चार टायर व्हायचे. मी एका कुपीच्या तळाचं थोडं राखलं आणि स्टीलच्या डब्यात उकळून गार केलेलं पाणी, रबराचा कीस आणि थोडी काकवी घालून त्यात सोडलं. पहिल्या दोन वेळा काहीच झालं नाही. तिसऱ्या वेळी अर्धी नवी कुपी आणि अर्धं जुनं असं केलं, तेव्हा लागलं. मग पाव कुपी. मग चमचाभर. वर्षभर हा खेळ चालला, आणि एक दिवस नवी कुपी अजिबात न घालता टायर मऊ झाला. मी शेडमध्ये उभी राहून टाळी वाजवली.

"अहो, बघा, लागलं!"

संग्रामनं बोटानं रबर दाबून पाहिलं. "तुझ्या हाताला गुणच आहे," तो म्हणाला. लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती, आणि धंद्यातल्या कशावरून त्यानं माझं कौतुक केलं ते त्या दिवशी पहिल्यांदा.

त्या दिवशी खरं काय झालं होतं ते आज मला कळतं. कोट्यवधी जिवाणूंना मी टप्प्याटप्प्यानं उपाशी ठेवत होते. बहुतेक मेले. त्यांच्यात एखादाच असा निघाला की त्याला त्या खुराकाशिवाय भागवता येत होतं. तो जगला, त्याचीच पिलावळ वाढली, आणि शेवटी डब्यात सगळी तीच उरली. डॉक्टरांनी गळ्यात बांधलेली दोरी मी काकवी घालून घालून सोडवली होती.

पुढच्या संक्रांतीला हळदीकुंकू माझ्या घरी होतं. गावातल्या गाडी विक्रेत्यांच्या बायकांचा आमचा एक गट आहे. दरवर्षी वाण म्हणून चाळण्या आणि प्लास्टिकच्या टोपल्या देऊन कंटाळा आला होता. मी पाच जणींच्या हातात तिळगुळाबरोबर एकेक घट्ट झाकणाचा छोटा डबा ठेवला. "फ्रिजमध्ये ठेवू नका गं, शेडमध्ये न्या," म्हटल्यावर सगळ्या खो खो हसल्या. कसं वाढवायचं, काकवी किती, सगळं मी नीट समजावून सांगितलं. जाताना एक जण म्हणाली, "वृषाली, तू आमचा वर्षाचा खर्च वाचवलास बघ." मला त्या दिवशी फार भारी वाटलं होतं.

दोनच आठवड्यांनी जस्मिन मुलाणी टायर बदलायला आली. तिची विजेवरची नऊ आसनी व्हॅन आमच्याकडूनच घेतलेली. आसपासच्या गावांतल्या बायकांना ती द्राक्षबागांत कामाला न्यायची आणि आणायची. मी सवयीनं बिल तिच्याकडे फिरवलं आणि म्हटलं, "टायरचं शुल्क सोडते तुला."

"नको वहिनी, घ्या," ती म्हणाली. "नियम हाय म्हणजे कशासाठी तरी आसंल."

मी ते घेतलं. घेऊनही तिच्या जुन्या टायरांना कुपी काही लावली नाही, डब्यातलंच टोचलं. आमचा फिटर तातोबा. त्यानं ब्रशनं जुन्या टायरांवरून ओघळलेलं औषध पुसलं, तोच ब्रश साबणपाण्याच्या बादलीत बुडवला आणि त्याच पाण्यानं नव्या टायरांच्या कडा भिजवून ते रिमवर चढवले. कडेला साबणपाणी लावल्याशिवाय टायर रिमवर बसत नाही. जुन्या आणि नव्या टायरांना वेगळी बादली, वेगळा ब्रश वापरा, असं प्रशिक्षणाच्या कागदावर लिहिलेलं होतं. आमच्याकडे एकच बादली होती. मी तिथंच उभी राहून जस्मिनशी गप्पा मारत होते.

मार्चच्या मध्यावर, भिवघाटाच्या उतारावर, वळणावर तिचा मागचा डावा टायर रिमवरून निसटला. व्हॅन कलंडली. आत चौदा बायका होत्या. तेरा जणींना खरचटण्यापलीकडे फार काही झालं नाही. चौदावी राणी माळी. तिचा उजवा हात दाराखाली आला आणि मनगटापासून काढावा लागला.

राणीला मी तेव्हा ओळखत नव्हते. पण तिच्याबद्दल ऐकलं होतं. द्राक्षाच्या घडातले बारके मणी कात्रीनं काढून टाकतात त्याला विरळणी म्हणतात. त्या कामात तालुक्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं असं बागायतदार सांगायचे. विरळणीच्या दिवसांत तिला न्यायला बागायतदारांची भांडणं व्हायची.

तपासणीला आलेल्या माणसांनी बायका मोजल्या. नऊ जणांच्या गाडीत चौदा. टायर नवे होते, गाडीतला स्क्रीन शेवटपर्यंत टायरची हवा बरोबर असल्याचं दाखवत होता, पण तिकडे कुणी फारसं पाहिलं नाही. जादा वजन, असा शेरा पडला आणि जस्मिनचा परवाना सहा महिन्यांसाठी गेला. मीही चारचौघांत म्हणाले, "अगं, चौदा बायका भरायच्या म्हणजे काय!" हे मी खरंच मनापासून म्हणाले होते. तेव्हा मला माहीत नव्हतं.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात कळलं. शेडमध्ये एक टायर पडला होता. रिमवर चढवला होता, पण गिऱ्हाइकाचं मन बदललं म्हणून पुन्हा उतरवलेला. तो बाजूला सारताना माझा अंगठा त्याच्या कडेत गेला. नव्याकोऱ्या टायरच्या कडेत, पेराएवढा आत. मी अंगठा काढला आणि तो खड्डा तसाच राहिला. जस्मिनचे टायर चढवले तेव्हापासून घाटातल्या त्या दिवसापर्यंत मी बोटांवर मोजलं. चाळीस दिवस भरत होते.

संग्रामला दाखवलं. तो टायरच्या ढिगावर बसला.

"कुणाला बोललीस?"

"नाही."

"बोलू नकोस. पोरीचा हात काय परत येणार नाही. आपलं सगळं मात्र जाईल."

मी रडले, आणि त्याचं ऐकलं. तो माझ्यावर ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याच दुपारी डबा उकळून काढला, शेड औषधानं धुतली, बादली आणि ब्रश जाळले. पाचही जणींना फोन करून सांगितलं, "ते विरजण खराब झालंय, फेकून द्या." एकीनं विचारलं, कशानं खराब झालं? म्हटलं, "वास यायलाय गं." सगळ्या हो म्हणाल्या. त्यांच्या शेडमधून कुठल्या गाडीच्या कुठल्या टायरला कुठला ब्रश लागला होता ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर का विचारते तेही सांगावं लागलं असतं.

मग संग्रामनं मोफत टायर तपासणी शिबिर काढलं. संक्रांतीच्या आधीपासून आमच्याकडून टायर चढवलेल्या गाड्या बोलावून घेतल्या, कडा दाबून पाहिल्या. एकतीस गाड्यांचे टायर स्वतःच्या खिशातून बदलून दिले. कंपनीकडून माल खराब आला होता, असं लोकांना सांगितलं. लोक म्हणाले, अपघातानंतर निकमांनी बघा कशी जबाबदारी घेतली. व्यापारी मंडळानं सत्कार ठेवला. शाल, नारळ, फेटा. मी व्यासपीठावर गेले आणि शाल घेतली. हे लिहिताना आत्ताही माझे कान तापले आहेत. ती शाल कपाटात आहे. मी तिला हात लावत नाही.

ऑगस्टमध्ये, पाऊस उघडला होता त्या दुपारी, जस्मिन शोरूममध्ये आली. खूप वाळली होती. काउंटरसमोरच्या खुर्चीच्या कडेला टेकली.

"वहिनी, व्हॅन परत घेता का? येईल ती किंमत द्या."

"अगं, महिन्याभरानं परवाना मिळेल की तुला."

"चालवायची न्हाई मला आता. राणीला त्यो विजेचा हात बसवायचाय. बोटं हलत्यात म्हणं त्यात. कात्री धरता येती का बघायचं." मग खाली बघून म्हणाली, "आणि एक बोलायचं हुतं. तुमच्या शोरूमचं नाव खराब झालं माझ्यामुळं. लोकं म्हणायची निकमांचे टायर, निकमांचे टायर. तुम्हाला ते शिबिर घ्यावं लागलं, खर्च झाला. चूक माझी हुती, मीच ज्यादा बायका भरल्या. माफ करा."

चार महिने मी स्वतःला सांगत होते की ही बाई काही विचारायला आली तर काय बोलायचं. उत्तरं तयार होती. ती माफी मागायला येईल हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

"तुझी चूक नव्हती," मी म्हटलं. "वजनामुळे नाही निसटला तो टायर. माझ्यामुळे निसटला."

आणि मी सगळं सांगितलं. काकवी, डबा, बादली, ब्रश. तिनं शुल्क दिलं होतं आणि मी कुपी वापरली नव्हती, तेही. संग्राम आतल्या केबिनमधून बाहेर आला होता, त्यानं दोनदा "वृषाली" म्हटलं, मी थांबले नाही. जस्मिन ऐकत होती. तिनं एकच विचारलं.

"तुम्हाला कधी कळलं?"

"एप्रिलमध्ये."

ती बोटांवर मोजायला लागली. "मी दर शुक्रवारी राणीच्या घरी जाते. माफी मागाय. आधी तिची सासू दारातनंच हाकलायची. मग वट्यावर बसू द्यायला लागली. आता आत घेती." तिचे डोळे कोरडे होते. "वीस शुक्रवार झाले, वहिनी. तुम्हाला म्हाईत हुतं आणि मी जात हुते."

मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं. पण तेवढ्यानं भागणार नव्हतं. मी तिच्यासमोरच डॉ. निरगुड्यांना फोन लावला आणि पुन्हा सगळं सांगितलं.

"खुराक न घालता? नक्की?" ते म्हणाले. "बाई, आम्ही प्रयोगशाळेत दोन वर्षं मुद्दाम प्रयत्न केला होता, तो खुराकाशिवाय जगतो का बघायला. नाही जगला. तुम्ही कसं केलंत?"

त्यांच्या आवाजात थोडं नवल होतं. दह्याचं कौतुक ऐकताना मी नेहमी कशी फुलायचे ते आठवलं आणि मला स्वतःची किळस आली.

"वर्षभर थोडं थोडं कमी करत गेले," मी म्हटलं.

"आणखी कुणाला दिलंत?"

मी पाचही नावं सांगितली. त्यांनी ती लिहून घेतली. मग म्हणाले की आज संध्याकाळपर्यंत या सहाही शेडना कुलूप लागेल, आणि संक्रांतीच्या आधीपासून इथं टायर चढवलेली प्रत्येक गाडी तपासून होईपर्यंत रस्त्यावर येणार नाही. तुम्ही घरीच थांबा, माणसं येतील. त्यांनी मला शिव्या दिल्या नाहीत. एप्रिलमध्येच फोन करायला हवा होता, एवढंच म्हणाले.

संग्राम भिंतीला टेकून उभा होता. "पाच घरं बुडवलीस," तो म्हणाला. "आणि हे सहावं." तो चिडलेलाही नव्हता. त्यानं शटरच्या किल्ल्या काउंटरवर ठेवल्या आणि तो आत गेला.

जस्मिन उठली. "आज शुक्रवार हाय," ती म्हणाली. "माणसं यायच्या आधी चला."

राणीचं घर मळ्यात होतं, दोन खोल्यांचं. आम्ही रिक्षानं गेलो. दारात सासू शेंगा फोडत बसली होती. तिनं जस्मिनला "ये" म्हटलं आणि माझ्याकडे बघितलं. "ह्या कोण?"

मला वाटलं जस्मिन सांगेल. खरं म्हणजे तिनं सांगावं असं मला फार वाटत होतं. ती म्हणाली, "त्याच सांगतील."

मी तोंड उघडलं, तेवढ्यात आतून राणी आली. तिशीच्या आतली, हसऱ्या चेहऱ्याची. उजवी बाही मनगटाशी दुमडून पिन लावलेली. "बसा की," म्हणाली आणि कोण कुठली न विचारता चहा ठेवायला आत वळली. मी "नको, नको" म्हणाले, पण तिनं ऐकलं नाही. आतून भांड्यांचा आवाज येत राहिला. साखरेचा डबा उघडायला तिला वेळ लागत होता. सासू उठली नाही, जस्मिनही उठली नाही. तिला मदत केलेली आवडत नसावी. मी सतरंजीवर बसून तो आवाज ऐकत होते.

मग ती कप घेऊन आली. एकेक कप, तीन फेऱ्या. पाहुणी म्हणून पहिला मला. माझ्यापुढं वाकून कप पुढे करताना ती थोडी ओशाळली.

"डाव्या हातानं देतेय, वहिनी," ती म्हणाली. "राग मानू नका."

मी दोन्ही हात पुढे केले. दोन्ही धडधाकट होते. मी कप घाईनं ओढला, चहा हिंदकळला, आणि राणीच मला सांभाळून म्हणाली, "हळू, हळू, चटका बसंल." मी कप खाली ठेवला, तिची ती डावी बोटं धरली, आणि माझं नाव सांगितलं.